काटोलच्या विहिरी आणि विजेचे वेळापत्रक

नागपूरच्या वायव्येस सुमारे ६० किलोमीटरवर, जाम नदीच्या काठी वसलेले काटोल विदर्भात ओळखले जाते ते संत्र्याच्या आणि कापसाच्या बाजारपेठेचे गाव म्हणून. वीजनिर्मितीच्या नकाशावर त्याला ठळक स्थान कधीच नव्हते. येथे पवनचक्क्यांचे पठार नाही, जलविद्युत देणारे धरण नाही आणि कोळशावर चालणारे केंद्रही नाही. असे असूनही, वाऱ्यापासून आणि उन्हापासून मिळणारी वीज गावोगावच्या जाळ्यात कशी सामावून घ्यायची या प्रश्नाचा इतिहास काटोल तालुक्यात फार स्पष्ट वाचता येतो, कारण या जाळ्याचा आकार, त्याचे वेळापत्रक आणि त्यातले बरेचसे बिघाड येथे विहिरीवरच्या पंपाने ठरवलेले आहेत. वीज केव्हा तयार होते हा या प्रश्नाचा अर्धा भाग झाला. ती केव्हा लागते हा दुसरा अर्धा भाग, आणि तो समजून घ्यायचा तर सुरुवात विजेपासून न करता ओलितापासून, म्हणजे विहिरीचे पाणी वावरात खेळवण्याच्या कामापासून, करावी लागते.

काटोल, नरखेड, वरूड आणि मोर्शी हा सलग पट्टा दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्वेकडील भागात मोडतो. या खडकाच्या पोटात पाण्याचे अखंड साठे नसतात. पाणी मुरमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत साचते आणि झऱ्यांच्या वाटेने विहिरीत उतरते, त्यामुळे विहीर काही तास उपसली की पाणी तळाला जाते आणि ती पुन्हा भरून यायला एखादी रात्र, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक वेळ, जावा लागतो. मोटेच्या काळात ही अडचण फारशी जाणवत नसे, कारण चामड्याची मोट ओढणारे बैल दमत, त्यांना सोडावे लागे, आणि बैलांच्या विश्रांतीत विहिरीलाही विश्रांती मिळे. उपशाचा वेग आणि झऱ्यांची आवक यांचा मेळ तेव्हा कोणी हिशेब करून घातलेला नव्हता; जनावराच्या ताकदीची मर्यादाच ते काम करीत असे. पाणी किती वाजता सोडायचे हे मात्र सर्वस्वी शेतकऱ्याच्या हाती होते, आणि पुढे विजेच्या येण्याने नेमके हेच त्याच्या हातून गेले.

संत्र्याचे झाड भोसल्यांनी औरंगाबादेहून नागपुरात आणले असे परंपरेने सांगितले जाते. विसाव्या शतकात ते काटोलच्या काळ्या-मुरमाड जमिनीत चांगलेच रुजले आणि नागपूर-इटारसी लोहमार्गाने त्याला दूरच्या बाजारपेठा मिळवून दिल्या. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला पाणी घालण्याइतकेच, योग्य वेळी न घालणेही महत्त्वाचे असते. झाडाला भरपूर फुले एकाच वेळी यावीत म्हणून त्याचे पाणी काही आठवडे तोडले जाते, याला ‘ताण देणे’ किंवा ‘बाग ताणावर सोडणे’ असे म्हणतात. आंबियाच्या बहाराची, म्हणजे आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराला फुलणाऱ्या बहाराची, बाग डिसेंबराच्या आगेमागे ताणावर जाते. जानेवारीत आंबवणीचे हलके पाणी देऊन ताण तोडला जातो, त्यानंतर चिंबवणीचे दुसरे पाणी येते, आणि तेथून मृगाचा पाऊस पडेपर्यंत झाडाला पाण्याचा खंड सोसत नाही. मृग बहाराची बाग याच्या उलट चालते: ती उन्हाळ्यात तापवली जाते आणि पावसावर फुलते. एकाच गावात दोन्ही प्रकारच्या बागा असल्या तरी तालुक्याच्या विजेच्या मागणीवर ठसा उमटतो तो आंबियाचा, कारण जानेवारीचा उत्तरार्ध ते मे या काळात पंपांवरचा भार याच बहारामुळे सर्वाधिक असतो.

या मागणीपर्यंत वीज पोहोचली ती टप्प्याटप्प्याने. नागपूर शहरात विजेचे काम परवानाधारक खासगी कंपनीकडे होते आणि तिचे क्षेत्र शहरापुरतेच मर्यादित होते. खेड्यांकडे वीज नेण्याची सरकारी आखणी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात सुरू झाली, त्यातून खापरखेड्याचे पहिले कोळसा केंद्र उभे राहिले, आणि १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा हे सारे जाळेही त्याच्याबरोबर आले. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले; १९६६-६७ च्या दुष्काळानंतर, १९६९ साली, ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले आणि गावात दिवा लावण्यापेक्षा विहिरीवर पंप बसवणे हे ग्रामीण विद्युतीकरणाचे मुख्य माप ठरले. सत्तरीच्या दशकात कोराडीचे केंद्र सुरू झाले. तोवर ज्यांना परवडत होते त्यांनी मोट टाकून डिझेलचे इंजिन घेतले होते. आता इंजिन जाऊन मोटर येऊ लागली. पुढे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ च्या अहवालात राज्याच्या विभागांमधील विकासाची तूट मोजली, आणि तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भाच्या राजकारणात कायमचा रुजला. कृषिपंपांच्या जोडण्यांचा अनुशेष हे त्यातले एक नेहमीचे कलम होते.

या विस्तारात जाळ्याला जो आकार आला तो पुढच्या साऱ्या इतिहासाला पुरून उरला आहे. मोठ्या केंद्रातून उच्च दाबाने निघालेली वीज आधी प्रादेशिक उपकेंद्रात येते, तेथून ३३ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्ट दाबाच्या तारांनी ग्रामीण उपकेंद्रात उतरते, आणि उपकेंद्रातून ११ केव्हीच्या वाहिन्या, ज्यांना शेतकरी ‘फीडर’च म्हणतो, झाडाच्या फांद्यांसारख्या वावरांकडे फुटतात. प्रत्येक वाहिनीवर ठिकठिकाणी रोहित्रे असतात. या रोहित्राला गावात कोणीही रोहित्र म्हणत नाही, ते ‘डीपी’ असते. फांदीला बुंध्याकडून शेंड्याकडे एकच दिशा असते, आणि या जाळ्याची आखणीही वीज कायम एकाच दिशेने, केंद्राकडून विहिरीकडे, वाहणार या गृहीतावर झालेली होती. विहिरी विखुरलेल्या असल्याने वाहिन्या लांबत गेल्या आणि शेवटच्या विहिरीपर्यंत पोहोचेतो दाब इतका घसरू लागला की मोटर चालण्याऐवजी घुमू लागली. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी आली. ती वसुलीला सोपी आणि शेतकऱ्याला दिलाशाची होती, परंतु एका वाहिनीवर खरोखर किती वीज लागते हे नेमके सांगू शकणारी मोजणीची साधने त्यामुळे जाळ्यातून नाहीशी झाली, आणि त्याची किंमत पुढे सौर विजेचा हिशेब मांडताना मोजावी लागली.

या जाळ्याच्या टोकाशी काय घडते हे विहिरीवरच्या पेटीकडे पाहिले म्हणजे कळते. पत्र्याच्या पेटीत स्टार्टर असतो, त्याच्याशेजारी पुष्कळदा एक ‘ऑटो’ जोडलेला असतो, म्हणजे वीज येताच माणसाची वाट न पाहता मोटर चालू करणारा स्विच, आणि काही ठिकाणी तीनपैकी एक फेज गेला तरी मोटर ओढत राहावी म्हणून लावलेला कपॅसिटर. रात्री अकराला किंवा पहाटे तीनला येणाऱ्या विजेसाठी कोणी वावरात जागत बसू शकत नाही, म्हणून शोधलेली ही सोय आहे. पण एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटरींचे ऑटो एकाच क्षणी चालू होतात तेव्हा मोटर सुरू होताना तिला लागणारा अनेकपट प्रवाह सगळ्यांचा मिळून रोहित्रावर एकदम येतो आणि डीपी जळते. ती बदलून मिळेपर्यंत बागेचा ताण नको त्या वेळी लांबतो. वीजतज्ज्ञ ज्याला मागणीचे व्यवस्थापन म्हणतात त्याची ही एक उलटी, नकळत घडलेली आवृत्ती होती असे म्हणावे लागते.

दाभोळचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला, नवी केंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत, आणि २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन सोसले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या आणि काटोलचा पुरवठा महावितरणकडे आला. याच काळात गावठाण वाहिनी आणि कृषिवाहिनी वेगळ्या करण्याची योजना राबवली गेली. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत हेच केले होते: घरे, दुकाने आणि पिठाच्या गिरण्या एका वाहिनीवर, पंप दुसऱ्या वाहिनीवर, म्हणजे पंपांची वीज तोडली तरी गावातले दिवे चालू राहतात. महाराष्ट्रात या विभाजनाचा हेतू उघडपणे कपातीची सोय हा होता. कृषिवाहिन्यांना मग दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आलटूनपालटून थ्री फेज वीज देण्याची चक्राकार पद्धत रूढ झाली, आणि आठवड्यातल्या निम्म्या पाळ्या रात्रीवर गेल्या.

रात्रीचे ओलित ही गोष्ट काटोलच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात तक्रार म्हणून येते, परंतु जाळ्याच्या इतिहासात तिचे स्थान त्याहून मोठे आहे. कोळशाचे केंद्र संध्याकाळी बंद करून सकाळी पुन्हा पेटवणे परवडत नाही. त्याचा बॉयलर तापता ठेवावा लागतो, आणि शहरे झोपली की त्याची वीज घ्यायला कोणी उरत नाही. अशा वेळी पंप हा हाताशी असलेला, हवा तेव्हा जोडता आणि तोडता येणारा भार होता. जानेवारीच्या थंडीत, बॅटरीच्या उजेडात, सापाच्या आणि रानडुकरांच्या भीतीत जो माणूस एकेका आळ्यातले पाणी दुसऱ्यात वळवत होता, तो कोराडी-खापरखेड्याच्या भट्ट्या रात्रभर समतोल जळत राहाव्यात याचीही व्यवस्था करीत होता, असे विधान अतिशयोक्तीचे नाही. वेळ बदलू शकणारा भार ही कल्पना आज नव्या ऊर्जेच्या चर्चेत मोठ्या अपूर्वाईने मांडली जाते. विदर्भात ती पंधरा-वीस वर्षे अमलात होती, फक्त तिचा मोबदला भार उचलणाऱ्याला कधी मिळाला नाही.

वाऱ्याची वीज या जाळ्यात आली ती फार दुरून. वाऱ्यापासून वीज काढून ती साठवण्याचा गंभीर प्रयत्न डेन्मार्कमध्ये पोल ला कूर यांनी १८९१ साली आस्कोव्हच्या लोकशाळेत केला होता. वारा लहरी असल्याने वीज थेट वापरण्याऐवजी त्यांनी तिने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि शाळेतले दिवे त्या वायूवर लावले. त्याच देशात १९५७ साली योहान्नेस यूल यांची गेडसरची २०० किलोवॅटची पवनचक्की सार्वजनिक जाळ्याला जोडून चालवली गेली. भारतात १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यात कोकणचा किनारा होता. पुढे महाऊर्जा या राज्य संस्थेने सह्याद्रीच्या पठारांवरील वाऱ्याची मोजणी केली आणि साताऱ्याजवळची चाळकेवाडी-वनकुसवडे ही पठारे पवनचक्क्यांनी भरून गेली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल हे दुसरे मोठे क्षेत्र ठरले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने पवनविजेचा खरेदीदर निश्चित केल्यावर गुंतवणुकीला वेग आला, आणि आज राज्याची पवनक्षमता ५,००० मेगावॅटच्या घरात आहे. विदर्भाचे मैदान यात जवळजवळ कोठेच नाही, याचे कारण साध्या भौतिकीत आहे: वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असते, वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते, आणि काटोलच्या मैदानावर वाहणारा वारा मोठे पाते फायद्यात फिरवण्याइतका जोरदार नसतो.

वारा जेव्हा मुबलक असतो तेव्हाही त्याला स्वतःचे वेळापत्रक असते. सह्याद्रीवरची पाती वर्षातल्या आपल्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर देतात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत जेव्हा काटोलच्या विहिरी काठोकाठ असतात आणि मोटरींवर गोणपाट टाकलेले असते. वनकुसवड्याच्या पठाराखाली कोयनेचे खोरे आहे, आणि कोयनेचे पाणी थांबू शकते, वारा थांबू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात वारा जोरात असताना राज्याच्या भारप्रेषण केंद्राने कोयनेची यंत्रे आवरती घ्यावीत आणि वारा पडला की चालवावीत, अशी जुळणी शक्य होते. भारप्रेषण म्हणजे कोणत्या केंद्राने कोणत्या क्षणी किती वीज द्यायची हे ठरवण्याचे काम. महाराष्ट्रात ते कळव्याजवळच्या राज्य केंद्रातून चालते आणि विदर्भाकडची बाजू नागपुरात अंबाझरीच्या उपभारप्रेषण केंद्रातून पाहिली जाते. जाळ्याची कंप्रता, म्हणजे प्रवाहाच्या आवर्तनांची गती, सेकंदाला ५० च्या अगदी जवळ राखावी लागते. वीज मागणीहून कमी पडली की ती घसरते, जास्त झाली की चढते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठी वेळापत्रक द्यायची पद्धत आधी कोळशाच्या केंद्रांना लागू झाली, आणि राज्य आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वारा व सूर्य यांनाही आपला अंदाज याच चौकटीत द्यावा लागू लागला. ढगाचे आणि झुळकेचे भाकीत हा तेव्हापासून वीजव्यवहाराचा भाग झाला आहे.

वीज तयार होते ती जागा आणि विहीर यांच्यातले अंतर पुढे सौर विजेने कमी केले. २०१०-११ साठी केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता, तेव्हा ती प्रदर्शनात मांडायची वस्तू होती. महानिर्मिती या राज्याच्या निर्मिती कंपनीने २०१० मध्ये चंद्रपूरला १ मेगावॅटचा आणि २०१३ मध्ये साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभारला. साक्रीचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ब्राह्मणवेलची पाती आणि हे सौर पटल एकाच तालुक्यात, एकाच पारेषण जाळ्याला जोडलेले आहेत, आणि केंद्राचे पवन-सौर संकरित धोरण मे २०१८ मध्ये येण्याच्या पाच वर्षे आधीच ते तसे उभे राहिले. त्या धोरणाने ‘संकरित’ या शब्दाची व्याख्या केली: दोहोंपैकी एकाची क्षमता दुसऱ्याच्या किमान २५ टक्के असावी. यामागचा हिशेब तारेचा आहे. वाऱ्याची तार वर्षभराच्या सरासरीने बराच काळ रिकामी असते, उन्हाची तार रात्री रिकामी असते, आणि एकाच तारेवर दोन्ही चढवले तर ती अधिक काळ भरलेली राहते.

काटोलला मात्र उपयोगाची ठरली ती वेगळीच योजना. १४ जून २०१७ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली. पहिले प्रयोग अहमदनगर जिल्ह्यात राळेगणसिद्धीला आणि विदर्भात यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला झाले. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, जिचे उद्दिष्ट आधी किमान ३० टक्के कृषिवाहिन्या सौर विजेवर आणण्याचे होते आणि नंतर १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवले गेले. खरेदीदर आता तीन रुपयांच्या आसपास उतरले होते. योजनेची मांडणी साधी आहे: उपकेंद्रापासून पाच ते दहा किलोमीटरच्या आत सरकारी किंवा भाड्याच्या जमिनीवर प्रकल्प उभारायचा, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे द्यायचे, आणि वीज दूरच्या मोठ्या केंद्रात न नेता थेट उपकेंद्राच्या ११ केव्हीच्या बाजूला सोडायची, जेथून ती त्याच उपकेंद्राच्या कृषिवाहिन्यांत जाते. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते आणि भर दुपारी त्यावर, ढोबळ हिशेबाने, पाच अश्वशक्तीचे दोनशेच्या आसपास पंप चालतात. ही सारी मांडणी शक्य झाली ती कृषिवाहिनी आधीच वेगळी असल्यामुळे. कपातीसाठी वेगळी केलेली तार दुपारच्या पुरवठ्यासाठी वापरता आली, आणि भारनियमनाच्या काळातला तो खर्च या वळणाने काही अंशी तरी कारणी लागला.

स्थानिक जाळ्यात ही वीज मिसळताना मात्र फांदीचा तो जुना, एका दिशेचा आकार आडवा येतो. मोटरी चालू असतात तोवर अडचण नसते. उलट वीज जवळूनच येत असल्याने वाहिनीच्या शेवटच्या विहिरीवर दाब सुधारतो. पण ऐन पावसाळ्यात आभाळ दोन दिवस मोकळे झाले तर पटलांतून वीज पूर्ण जोराने निघते आणि ती घ्यायला एकही मोटर चालू नसते. मग ती रोहित्रातून उलट ३३ केव्हीच्या बाजूला चढते, वाहिनीचा दाब वाढतो, आणि संरक्षक यंत्रणा, जिला बिघाडाचा प्रवाह एकाच दिशेने येताना ओळखायला शिकवले होते, ती नव्याने बसवून घ्यावी लागते. दुसरी अडचण शेतकऱ्याला जास्त खटकते. मुख्य पुरवठा खंडित झाला की सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर, म्हणजे पटलांचा एकदिश प्रवाह जाळ्याच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलणारे यंत्र, आपोआप बंद होतो, कारण तो चालू राहिला तर तारेत वीज नाही असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. त्यामुळे ऊन कडक आहे, पटले समोर चकाकत आहेत आणि तरीही मोटर बंद आहे असे दृश्य दिसते, आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचे कारण पटवून देणे सोपे नसते.

एवढे असूनही ऊन आणि आंबिया यांचा मेळ इतका नैसर्गिक आहे की तो आधी कोणी का मांडला नाही याचे आश्चर्य वाटते. जानेवारीच्या मध्यावर ताण तुटतो तेव्हा आभाळ निरभ्र असते; फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची पाळी जवळ येत जाते आणि ऊनही वाढत जाते. मे महिन्यात मात्र नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि तापलेल्या पटलांची कार्यक्षमता घटते, कारण पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला त्यांची शक्ती साधारण ०.४ टक्क्याने उतरते. अंगाची लाही करणारे ऊन विजेला तितके मानवत नाही. पावसाळ्यात ऊन कमी होते तेव्हा विहिरींना वीज नको असते आणि सह्याद्रीवरचा वारा तेव्हाच जोरात असतो. ती वीज काटोलला येते ती गावठाण वाहिनीने, संध्याकाळच्या दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी, कोयनेच्या, कोळशाच्या आणि इतर साऱ्या विजेत मिसळून, कोणाची कोणती हे ओळखू न येता. काटोलचे पवन-सौर एकत्रीकरण आहे ते असे: ऊन कृषिवाहिनीवर आणि वारा गावठाण वाहिनीवर, एकाच उपकेंद्राच्या दोन फांद्यांत वाटलेला. उरते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची फट. वारा पडलेला असतो, दिवस लहान होत जातो, आणि कापूस, तूर, हरभरा यांच्या पाण्याची गरज एकदम उभी राहते. या आठवड्यांत जाळे अजूनही मुख्यतः कोळशावरच टेकलेले असते, आणि हवामानाचा जो काही धक्का बसतो तो याच दिवसांत जास्त जाणवतो.

साठवणुकीच्या बाबतीत तालुक्याकडे आस्कोव्हच्या हायड्रोजनपेक्षा जुने साधन आहे. वीज साठवायला महाग पडते, पाणी साठवायला पडत नाही. दुपारी उपसलेले पाणी शेततळ्यात राहिले आणि ठिबकच्या नळ्यांतून पुढे झाडाला गेले तर विजेची वेळ आणि पाण्याची वेळ एकमेकींपासून सुटतात. यात धोका आहे तो या पट्ट्याने आधीच अनुभवलेला. वरूडपासून काटोलपर्यंत विहिरींच्या जागी बोअर आले, बोअर खोल गेले, आणि भूजलाचा उपसा अनेक ठिकाणी मर्यादेपलीकडे गेला. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, आणि जाळ्याशी न जोडलेले ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतले पंप तर चालवायला फुकटच पडतात. ऊन आहे तोवर मोटर बंद करण्याचे कोणतेही आर्थिक कारण शेतकऱ्यापुढे उरत नाही. जाळ्याला जोडलेला पंप निदान वेळापत्रकाने बांधलेला असतो, सुटा सौर पंप कशानेच बांधलेला नसतो, आणि म्हणून भूजलाच्या दृष्टीने वाहिनीवरचे सौर प्रकल्प हा सुट्या पंपांहून उजवा मार्ग आहे, असे म्हणायला जागा आहे.

वेळापत्रकाचा हा प्रश्न विहिरीपाशीच येऊन थांबतो. वाहिनीला सकाळपासून सलग आठ तास वीज दिली जाते तेव्हा तिच्यावरच्या शंभर विहिरी एकसारख्या धरल्या जातात. प्रत्यक्षात कातळातली विहीर दोन-तीन तासांत तळाला जाते आणि मोटर कोरडी ओढू लागली की ती बंद करावी लागते. तिला सकाळी एक पाळी हवी असते आणि झरे भरून आल्यावर दुपार उतरताना दुसरी. पटले त्या दोन्ही वेळांना वीज देत असतात, मधल्या भर दुपारच्या तासांत मात्र ती सर्वाधिक देतात, जेव्हा ही विहीर रिकामी असते आणि नदीकाठची, किंवा शेततळे जोडलेली, दुसरी विहीर ती वीज सहज ओढू शकते. कोणती विहीर किती तासांत उपसते आणि कितीत भरते, याची माहिती तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला आपापल्या विहिरीपुरती तोंडपाठ आहे. उपकेंद्राच्या नोंदवहीत मात्र वाहिनी हेच सर्वांत लहान एकक आहे, आणि पाळ्या तिच्याच हिशेबाने लावल्या जातात.